रेघ नसलेली अहिराणी

गेल्या श्रावणात माझ्या टेबलावर एक कागद आला. वहीचं मधलं पान, पिनेपाशी फाडलेलं, निळ्या बॉलपेननं दोन्ही बाजूंनी भरलेलं. लिपी गुजराती. मी जन्मापासून सुरतेत आहे, वीस वर्षांवर इथे शिकवते आहे, गुजराती मला पाण्यासारखी वाचता येते. तरी दुसऱ्या शब्दाला मी थांबले. अक्षरं गुजराती होती, शब्द गुजराती नव्हते. मनातल्या मनात वाचून जमेना, म्हणून हलक्या आवाजात वाचलं आणि अंगावर काटा आला. 'आमना घर कानबाई उनी.' आमच्या घरी कानबाई, श्रावणात घरी बसवायची खानदेशची देवी, आली. माझ्या आईची भाषा होती ती. पारोळ्याकडची, घरात बोलायची, शाळेच्या दारात चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायची अहिराणी. गुजराती लिपीत अक्षरांवर रेघ नसते. डोक्यावर रेघ नसलेली अहिराणी मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुलगा नववीतला. कोसाड आवासमध्ये राहणारा, वडील लूमवर, मूळ गाव चोपडा तालुक्यात. घराजवळची शाळा गुजराती माध्यमाची म्हणून तो गुजरातीत शिकला. मी त्याला हिंदी शिकवते, म्हणजे देवनागरी त्याला येते. विचारलं, "अरे, हे देवनागरीत का नाही लिहिलंस?" तो गोंधळला. म्हणाला, "ए तो हिंदीनी लिपी छे ने, बेन?" ती तर हिंदीची लिपी ना, बाई?

तो कागद माझ्याकडे परीक्षेच्या निमित्तानं आला नव्हता, कुठल्या स्पर्धेसाठीही नाही. आमच्या शाळेत आम्ही एक हस्तलिखित काढतो, त्यासाठी आला होता. हस्तलिखित नसतं, तर त्या मुलाच्या घरी कानबाई येते हे शाळेला कळलं नसतं, आणि आपल्या घरच्या भाषेला स्वतःची लिपी आहे हे त्या मुलाला कळलं नसतं. आज लिहायला बसले आहे ती त्यासाठी. उपनगरातल्या, पुनर्वसनाच्या वस्तीतल्या सरकारी माध्यमिक शाळेत अशा उपक्रमांना हक्काचा तास हवा. वेळापत्रकात छापलेला, कुणाच्या मर्जीवर न ठेवलेला.

कोसाड कुठे, हे आधी सांगते. सुरत स्टेशनहून अहमदाबादच्या दिशेनं गाडी निघाली की तापीचा पूल लागतो, मग उत्राण, त्याच्यापुढचं स्टेशन कोसाड. गाव जुनं. आजही जुन्या कोसाडात गेलं की उंच ओट्यांची घरं दिसतात आणि संध्याकाळी म्हशींच्या मागे धूळ उडते. पण बाहेरच्या माणसाला 'कोसाड' म्हटलं की आठवतात त्या आवासच्या इमारती. एकसारख्या, रांगेनं उभ्या, एच-वन, एच-टू अशा नावांच्या. बीआरटीएसच्या पाटीवरही तेच नाव.

या वस्तीचं नशीब एका वर्षाच्या आतच ठरलं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. गरिबांसाठी पक्की घरं तिच्यातून आली. २००६ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि कोसाड-अमरोलीचा हा पट्टा शहरात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीचा महापूर आला आणि काठावरच्या झोपड्यांत माणसांनी राहणं किती जिवावरचं आहे ते सगळ्या शहरानं पाहिलं. पुढच्या काही वर्षांत नदीकाठची आणि शहरातल्या इतर ठिकाणची कुटुंबं इकडे हलवली गेली. पक्कं घर मिळालं, संडास-नळ घरात आले, ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या आईनं आयुष्याची तीस वर्षं सार्वजनिक नळाच्या रांगेत काढली आहेत, त्यामुळे पक्क्या घराला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण हलताना माणसांची गल्ली सुटली. शेजार सुटला. देवळातली, मशिदीतली, मंडळातली जागा सुटली. नव्या ठिकाणी सगळ्यांच्या वाट्याची एकच जागा उरली, ती म्हणजे शाळा.

सुरत महापालिकेचं एक वेगळेपण महाराष्ट्रातल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. इथली नगर प्राथमिक शिक्षण समिती सात भाषांतून शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मी स्वतः लिंबायतच्या अशाच एका मराठी प्राथमिक शाळेत शिकले. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली हा भाग म्हणजे अर्धा खानदेश आहे. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेनं सुरत आणि अंमळनेर जोडलं, तेव्हापासून ही वाट चालू आहे. माझे वडीलही याच गाडीनं एक ट्रंक घेऊन उधन्याला उतरले. प्राथमिकच्या पुढे महापालिकेनं 'सुमन' नावाच्या माध्यमिक शाळाही काढल्या. महापालिकेनं स्वतःहून हायस्कुलं चालवणं आपल्या देशात सर्रास घडत नाही. गरिबाच्या मुलाला आठवीनंतर फी न भरता नववीत जाता येतं, याचं मोल मी माझ्या वर्गात रोज पाहते.

आमच्या शाळेला छापील इतिहास नाही. फाटकापाशी कोनशिला आहे, तीवर तारीख आणि पाहुण्यांची नावं. खरा इतिहास कार्यालयातल्या कपाटात, जनरल रजिस्टरमध्ये आहे. लाल कापडी पाठीचं, दोन हातांनी उचलावं लागणारं ते जाड रजिस्टर कधी कामानिमित्त उघडलं की मी दोन पानं जास्तीची वाचते. नाव, वडिलांचं नाव, जन्मठिकाण, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. सुरुवातीच्या पानांवर 'आधीची शाळा' या रकान्यात सगळी नदीकाठच्या वस्त्यांतल्या शाळांची नावं. ती पानं म्हणजे एका स्थलांतराचा नकाशाच. पुढे रकाना बदलत जातो: शहादा, शिरपूर, चोपडा, अंमळनेर, मग ओडिशातलं गंजाम, उत्तर प्रदेशातली, बिहारमधली गावं. जन्मठिकाणाच्या रकान्यात मात्र हळूहळू एकच नाव येऊ लागतं, सुरत. आई-बापाचं गाव कुठलंही असो, पोरं इथली झाली.

शेवटचा रकाना मला वाचवत नाही. कारण. 'वतनमां गया', म्हणजे गावी गेले. 'बदली'. आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'सतत गेरहाजर'. सतत गैरहजर. हे दोन शब्द मी माझ्या हातानं अनेक नावांपुढे लिहिले आहेत. एका नावापुढे लिहिताना पेन जड झालं होतं, ते पुढे सांगते.

रजिस्टरात मुलगा किती उंच उडी मारायचा ते नसतं. कोण चित्रं काढायचं, कुणी नाटकात म्हातारीचं काम करून सगळ्यांना रडवलं, हेही नसतं. म्हणून हस्तलिखितावर माझा एवढा जीव.

त्याची सुरुवात कोसाडला झाली नाही, एका खेड्यात झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. मी तेव्हा चौदा वर्षांची. शाळा बंद झाल्या, लाखो माणसं शहर सोडून निघाली. आम्ही तीन भावंडं आईबरोबर खच्चून भरलेल्या गाडीत उभ्यानं गेलो, तोंडाला ओढणी बांधून. गावात आमच्याकडे लोक लांबूनच बघत. सुरतेची माणसं म्हणजे रोग घेऊन आलेली माणसं. आईनं मला गावच्या शाळेत नेलं. दाखला नव्हता, नाव घालायचा प्रश्नच नव्हता. तिथल्या सरांनी फक्त विचारलं, "अक्षर बरं आहे का पोरीचं?" आणि मला शाळेच्या हस्तलिखिताच्या कामाला लावलं. एवढंच नाही, तर सुरतेवर लिही म्हणाले. जे शहर मागे टाकून आलो त्याच्यावर! मी लूमच्या आवाजावर लिहिलं. खात्याशेजारी, म्हणजे लूमच्या कारखान्याशेजारी, राहणाऱ्याला तो आवाज बंद पडला तरच जाग येते, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी सरांनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं, आणि मधल्या सुट्टीत मुली माझ्या शेजारी येऊन बसल्या. दिवाळीनंतर आम्ही सुरतेला परतलो. त्या शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात माझं नाव नाही. त्या हस्तलिखितात मात्र आहे.

खानदेशात ही परंपरा जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथलं छात्रालय सांभाळत होते. त्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून एक दैनिक काढत. दैनिक म्हणजे रोज! आमच्या गावच्या सरांपर्यंत ते वारं पोचलेलं असणार. सुरतेलाही मराठी शिक्षकाचा पायगुण काही आजचा नव्हे. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये इथल्या दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. सुरतेतल्या शिक्षकांनी वर्गाबाहेर जमून जातिभेदावर, अंधश्रद्धेवर उघड बोलायला सुरुवात केली, ती अशी. वर्गाबाहेरच्या जमण्याला इतकं बळ असतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी नदीजवळच्या एका शाळेत होते. ऑगस्ट २००६ चा पूर राखी पौर्णिमेच्या आधी आला. पाणी ओसरल्यावर आम्ही शाळेत गेलो तेव्हा तळमजल्यावर गुडघाभर गाळ होता. कपाटं आडवी. पहिलं काम रजिस्टरं वाचवण्याचं. चिकटलेली पानं आम्ही एकेक करून सोडवली, मध्ये वर्तमानपत्रं घातली आणि गच्चीवर उन्हात मांडली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर विटा. शाईपेननं लिहिलेली नावं पसरून निळी डबकी झाली होती. बॉलपेनची नावं वाचता येत होती. बाया येऊन विचारत होत्या, आमच्या पोराचं नाव आहे ना, दाखला मिळेल ना. त्या गडबडीत खालच्या कप्प्यातली आठ-दहा वर्षांची हस्तलिखितं आणि स्नेहसंमेलनांचे फोटो कुणाला आठवले नाहीत. मलाही नाही. चौथ्या दिवशी आठवण झाली तेव्हा हाताला लगदा लागला. त्यांच्यावर शिक्का नव्हता, म्हणून ती सगळ्यांत शेवटी आठवली. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे हस्तलिखितासाठी वरचा कप्पा मागते.

कोसाडला बदली झाल्यावर पहिला अंक काढला तेव्हा खर्चाला पैसे नव्हते, पण सुरतेत पुठ्ठा, लेस आणि जरी यांची वाण नाही. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे मुलांनी आणले. कुणाच्या आईकडे लेसपट्टीचं काम, तिथली कात्रणं आली; बांधणी त्या लेसनं केली. मुखपृष्ठाच्या कडेला जरीची पट्टी. आमचा अंक लग्नाच्या साडीसारखा झळाळतो. आत ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहायची मुभा. पहिल्या वर्षी सगळ्यांनी गुजरातीत 'मारी शाळा' लिहिलं, सगळ्यांचं सारखंच. दुसऱ्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "बेन, घरे जे बोलीए ए चाले?" घरी बोलतो ते चालेल का? त्या दिवशी आमचं हस्तलिखित खऱ्या अर्थानं सुरू झालं. आता त्यात उडिया असते, उर्दू असते, भोजपुरी असते. वाचता न येणाऱ्या पानांसाठी ज्याचं पान त्यानं उभं राहून वाचून दाखवायचं, असा नियम आहे.

एक उदाहरण देते. उत्राणच्या वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर आमच्या मुलांच्या रोजच्या नजरेतला. ८५ मीटर उंच. २१ मार्च २०२३ ला सकाळी सुरुंग लावून तो पाडला, सात-आठ सेकंदांत जमीनदोस्त. आवासच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. त्या अंकात बारा मुलांनी टॉवरवर लिहिलं. कुणी लिहिलं, बाबा घराचा पत्ता सांगताना टॉवरची खूण सांगायचे, आता काय सांगणार. एका मुलीनं लिहिलं की टॉवर आधी खाली बसला आणि आवाज मागाहून आला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी ते वाक्य पकडलं. किती मागाहून, ते मोबाइलवरच्या व्हिडिओत मुलांकडून मोजून घेतलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदांना तेवढ्यानं गुणून मुलांनी आपापल्या गच्चीपासून टॉवरचं अंतर काढलं. प्रत्येक बिल्डिंगचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येक उत्तर बरोबर! पुस्तकातलं ध्वनीचं प्रकरण त्या वर्षी कुणालाच जड गेलं नाही.

हे सगळं आम्ही केव्हा करतो? खरी अडचण इथे आहे. दोन पाळ्यांच्या इमारतीत शिकणाऱ्या मुलांची दशा ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून पटत नाही. सकाळची पाळी सुटते आणि दहा मिनिटांत दुपारची भरते. फळा पुसायच्या आत नवी मुलं दारात उभी. मैदानावर एका पाळीची रांग आत जाते तेव्हा दुसरीची बाहेर येते. 'शाळा सुटल्यावर' हा शब्दच दोन पाळ्यांच्या शाळेत खोटा आहे, कारण शाळा सुटतच नाही, तुम्ही फक्त बाहेर पडता. आणि बाहेर पडून मुलं कुठे जातात? वडिलांची लूमवर बारा तासांची पाळी, पंधरवड्यानं दिवसाची रात्र होते. आई घरी धागा कटिंग करते, नाहीतर साड्यांवर स्टोन चिकटवते. मुली घरी पोचतात त्या गठ्ठ्याशेजारीच बसतात. त्यामुळे शाळेनंतर थांबा, रविवारी या, असं सांगून चालवलेला कुठलाही उपक्रम इथे टिकत नाही. थांबू शकणारीच मुलं थांबतात, आणि ज्यांना त्याची जास्त गरज असते ती निघून जातात.

म्हणून तास शाळेच्या वेळेतच हवा. प्राथमिकला आता याची जाणीव आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. अभ्यास आणि अभ्यासेतर अशी पक्की भिंत नको, असंही त्यात आहे. वाचून मला फार बरं वाटलं. पण आठवीपाशी हात थांबला. शिक्षण हक्क कायदासुद्धा चौदा वर्षांपाशीच थांबतो. मूल नववीत आलं की कायद्याचं छत्र जातं आणि बिनदप्तराचे दिवसही जातात, आणि नेमक्या त्याच वयात घराला त्याचे दोन हात हवेसे वाटू लागतात. जिथे मूल शाळेतून निसटतं, तिथेच आपण शाळेतली गोडी काढून घेतो.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. दहावीचा निकाल आधी, बाकी नंतर. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. माझ्या घरात दहावी पास झालेली पहिली व्यक्ती मी. त्या एका कागदावर माझी नोकरी, माझ्या भावांची शिक्षणं, आईची म्हातारपणची औषधं उभी राहिली. आवासमधल्या आया मला जिन्यात गाठून म्हणतात, "बेन, नाटक-बिटक राहू द्या, पोराला पास करा." त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

पण एक वर्ष मी तसंच करून पाहिलं आहे. शनिवारचे शेवटचे दोन तास हस्तलिखिताचे होते, ते सरावाच्या प्रश्नपत्रिकांना दिले. त्या वर्षी नववीत एक मुलगी होती. अभ्यासात बेताची, गणितात नापास ठरलेली. पण हात असा की जरीच्या टाकाऊ धाग्यांनी पुठ्ठ्यावर मोर उभा करायची. आदल्या वर्षाचं मुखपृष्ठ तिचंच. मोराच्या मानेला निळा धागा तिनं तीन छटांत लावला होता, जवळून पाहिल्याशिवाय कळायचा नाही. शाळेत तिला कुणी नावानं ओळखत असेल तर त्या मोरामुळे. सराव सुरू झाल्यावर तिनं दोनदा विचारलं, "बेन, अंक नथी काढवानो?" मी म्हटलं, यंदा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शनिवारी यायची बंद झाली, मग सोमवारी, मग आलीच नाही. घरी गेले. ती खिडकीपाशी बसून साडीवर स्टोन चिकटवत होती. चिमट्यानं एकेक खडा उचलत होती, तितक्याच नेमक्या हातानं. तिची आई म्हणाली, तिला शाळेत काही येत नाही, तीच म्हणते. नववीच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'सतत गेरहाजर' मी लिहिलं. अंक निघाला असता तर ती राहिलीच असती, असं मी छातीठोकपणे कसं म्हणू? पण शाळेत येण्याचं तिचं एकमेव कारण मी काढून घेतलं, एवढं मला ठाऊक आहे. पुढच्या जूनमध्ये शनिवार परत हस्तलिखिताला दिला आणि मग कुणाच्या सांगण्यावरून मोडला नाही.

खेळांचं थोडं बरं आहे. खेल महाकुंभामुळे कबड्डी, खो-खोला निदान तारीख मिळते. तारीख असली की सराव होतो. नवरात्रात गरबा होतो, सव्वीस जानेवारीची कवायत होते. ज्याला वरून तारीख येते ते होतं. लिहिण्या-वाचण्याच्या, नाटकाच्या, चित्रांच्या उपक्रमांना तारीख नाही, म्हणून ते एखाद्या शिक्षकाच्या हौसेवर जगतात आणि त्याच्या बदलीबरोबर संपतात. माझीही बदली एक दिवस होणार. माझ्या मागे हा तास राहावा, असं मला मनापासून वाटतं. नववी-दहावीच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास, त्याला मार्क नकोत, निरीक्षण नको. आणि एक कपाट, पाणी पोचणार नाही अशा उंचीवरचं. शिक्षणखात्यात जे बसले आहेत त्यांनी एवढ्या दोन गोष्टी सगळ्या दुपाळी माध्यमिक शाळांना लेखी दिल्या, तर खर्च जवळजवळ शून्य आहे.

आता आपल्या माणसांशी बोलते. मराठीच्या काळजीची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली, तेव्हा आपल्यातल्या काही जणांनी मला चिंतेनं फोन केले. मी त्यांना सांगितलं, ज्या शहरात पोट भरतो तिथली भाषा मुलांना आलीच पाहिजे, आणि आमच्या मुलांना ती येते, छान येते. हरवते आहे ती दुसरी गोष्ट. घर बदललं, माध्यम बदललं, आणि मराठी शाळेपासून लांबच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या कानात घरची बोली राहिली, डोळ्यांसमोर मात्र तिचं एकही अक्षर नाही. अशा मुलाला आता मराठी माध्यमाच्या वर्गात नेऊन बसवता येणार नाही. त्याच्या शाळेत आठवड्यातून एक तास घरच्या भाषेला दार उघडं ठेवता येईल. सुरतेत आपली मंडळं थोडी नाहीत. गणपतीत, शिवजयंतीला, कानबाईच्या मिरवणुकीत ती रात्रीचा दिवस करतात. जवळच्या शाळेतल्या एका वर्गाचं हस्तलिखित वर्षातून एकदा आपल्या मांडवात ठेवा आणि ते लिहिणाऱ्या मुलांना तिथे उभं राहून वाचू द्या. मुलं कुठल्याही माध्यमाची असोत, कुठल्याही भाषेत वाचोत.

कानबाईचं पान अंकात लागलं. तिच्या रोटांसाठी आई रात्री दळण कसं करते, नारळाला डोळे कोण काढतो, सोमवारी विसर्जनाला वडिलांना खात्यातून सुट्टी मिळाली नाही म्हणून त्यांनी पाळी कशी बदलून घेतली, सगळं त्यानं लिहिलं होतं. अंक पूर्ण झाल्यावर पालकांना बोलावतो. बहुतेक कुणी येत नाही. त्याचे वडील आले. रात्रपाळी करून सरळ शाळेत, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले, डोळे तारवटलेले. म्हणाले, "बाई, पोऱ्यानं काय लिख्खं ते दखाडा." पान पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. गुजराती ते बोलतात, बसच्या पाटीपुरती वाचतात. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झालेला माणूस. मुलाला बोलावून घेतलं. त्यानं नियमाप्रमाणे उभं राहून वाचलं. वडील खाली फरशीकडे बघत ऐकत होते. रोटांपाशी हसले. पाळी बदलल्याचं आलं तेव्हा मान वर केली.

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. पानाच्या खाली बोटभर जागा होती. तिथे त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षराला वर रेघ ओढत, मुलाचं पहिलं वाक्य देवनागरीत लिहिलं. मुलगा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. एकेक अक्षर लावत त्यानं ते वाचलं, आणि मग वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं.